यीस्टचा फुगा: प्रमाण, तापमान आणि फुगा न फुगण्याची कारणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सातवी-आठवीच्या मुलांना यीस्ट वायू तयार करतं हे बाटली आणि फुगा वापरून दाखवायचं आहे. कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घातलं, बाटलीच्या तोंडाला फुगा लावला, तासभर थांबलो. थोडा फेस आला, पण फुगा लोंबकळतच राहिला. प्रमाण नेमकं काय घ्यावं, चुकलं कुठे, आणि निघालेला वायू कार्बन डायऑक्साइडच आहे हे मुलांना कशावरून दाखवायचं?

फेस आला होता, ही यातली सगळ्यात कामाची माहिती. फेस आला म्हणजे यीस्ट जिवंत होतं आणि वायूही तयार होत होता. तरी फुगा उभा राहिला नाही, तर मुख्य संशयित तीन: बाटलीतलं पाणी मध्येच थंड झालं, फुगा जिथे बसवला तिथून वायू निसटत होता, किंवा फुगा कोरा आणि ताठ होता. बहुतेकदा पहिलं आणि तिसरं कारण जोडीनेच येतं.

पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीतलं १०० मिलि पाणी फार वेळ कोमट राहत नाही. सुरुवातीला ४० अंश सेल्सिअस असलेलं पाणी अर्ध्या तासात खोलीच्या तापमानाच्या जवळ येऊन बसतं. यीस्ट २५ अंशांनाही काम करतं, पण ३५ ते ३८ अंशांना जो वेग मिळतो त्याच्या साधारण निम्म्याने. म्हणून बाटली टेबलावर नुसती ठेवून देऊ नये, कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करावी. या एका बदलाने बहुतेक अडलेले प्रयोग मार्गी लागतात.

फुग्याचं म्हणाल तर कोरा फुगा तोंडाने फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या टप्प्यात रबर सर्वात जास्त विरोध करतं. यीस्टच्या वायूलाही तोच विरोध सोसावा लागतो, आणि जोडावर बारीकशी फट असेल तर वायू फुगा ताणण्याऐवजी त्या फटीतून निघून जातो. फुगा आधी दोन-तीन वेळा पूर्ण फुगवून सोडला की रबर सैल पडतं. हे शक्यतो हातपंपाने करा. कारण पुढे वायू ओळखण्यासाठी चुन्याच्या निवळीची परीक्षा घ्यायची आहे (कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते) आणि आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तोंडाने फुगवलाच तर बाटलीवर चढवण्याआधी फुगा हाताने दाबून, चपटा करून पूर्ण रिकामा करा.

आता प्रमाण. ५०० मिलिची स्वच्छ प्लॅस्टिक बाटली, १०० मिलि पाणी, साखर ४ ग्रॅम म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि इन्स्टंट ड्राय यीस्ट ३ ग्रॅम, तेही सपाट एक छोटा चमचा. ताजं दाबलेलं यीस्ट मिळालं तर त्यात पाणी बरंच असतं, म्हणून ते तिप्पट, ९ ते १० ग्रॅम घ्या. मध्यम आकाराचा गोल फुगा घ्या. लांबट, बारीक फुगे फार ताठ असतात, ते या कामाचे नाहीत. वर्गात कोणाला रबराच्या फुग्यांची अ‍ॅलर्जी आहे का हे आधी विचारून घ्या.

पाणी थर्मामीटरने ४० अंशांवर आणावं. थर्मामीटर नसेल तर मिश्रणाचा साधा हिशेब करता येतो: एक भाग उकळतं पाणी आणि चार भाग २५ अंशांचं पाणी मिळून ४० अंशांच्या आसपास पाणी होतं. साधं पाणी थंड, १५ अंशांच्या जवळपास असेल तर दोन भाग उकळत्याला पाच भाग साधं. दोन्ही पाणी आधी पूर्ण मिसळून घ्या आणि मगच यीस्ट घाला. यीस्टवर थेट उकळतं पाणी ओतून मागाहून थंड पाणी घातलं तर हिशेबात ४० अंश येतील, पण यीस्ट तोवर मेलेलं असेल. ५५ ते ६० अंशांच्या पुढे यीस्ट झपाट्याने मरतं.

साखर आधी बाटलीत विरघळवा, मग कोरड्या नरसाळ्यातून यीस्ट घाला. ओल्या नरसाळ्याला दाणे चिकटून बसतात आणि ३ ग्रॅममधलं निम्मं वरच राहतं. बाटली गोल फिरवत मिनिटभर ढवळा. जोरजोरात हलवू नका, नाहीतर दाणे आतल्या बाजूला वर चिकटून कोरडे राहतात. ‘अ‍ॅक्टिव्ह’ ड्राय यीस्ट असेल, ज्याचे दाणे जाडसर असतात, तर ते आधी वेगळ्या वाटीत ४० अंशांच्या थोड्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून मगच बाटलीत घाला. वाटीतलं पाणी १०० मिलितूनच काढलेलं असावं. कोरडं यीस्ट गार पाण्यात भिजवणं टाळा: पाणी शोषताना पेशींची आवरणं नाजूक अवस्थेत असतात आणि गार पाण्यात पेशींमधले घटक बाहेर झिरपून यीस्ट दुबळं होतं.

फुगा बाटलीच्या आट्यांच्या खालपर्यंत ओढून घ्या आणि वरून रबरबँड किंवा चिकटपट्टीचे दोन घट्ट वेढे द्या. बाटली ४० अंशांच्या पाण्याच्या भांड्यात ठेवा. बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या द्रवाइतकी किंवा किंचित वर असावी. बाटली हलकी असल्याने तरंगून कलंडते, तेव्हा मानेला दोरी बांधा किंवा शेजारी वजन ठेवून टेकू द्या. दर १५ मिनिटांनी भांड्यात थोडं गरम पाणी घालत राहा.

पहिल्या दहा मिनिटांत बाहेरून फारसं काही दिसत नाही. त्याला कारण आहे. ३५ ते ४० अंशांचं १०० मिलि पाणी सुमारे ५० ते ६० मिलि कार्बन डायऑक्साइड स्वतःत विरघळवून घेतं, त्यामुळे सुरुवातीचा वायू पाण्यातच अडकतो. नीट पाहिलं तर यीस्टच्या गढूळ थरातून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे सुटून वर येताना आणि पृष्ठभागावर पिवळसर फेसाची कडी धरताना दिसतात. बाटली हलकेच गोल फिरवली की विरघळलेला वायू फसफसून बाहेर पडतो आणि फुगा एकदम थोडा वर येतो. वीस ते तीस मिनिटांत फुगा उभा राहायला हवा आणि तासाभरात चांगला गोल व्हायला हवा. शाळेचा तास ३५-४० मिनिटांचा असतो, म्हणून एक बाटली तासाच्या अर्धा तास आधी लावून ठेवा आणि दुसरी मुलांसमोर लावा.

फुगा किती फुगेल याचा अंदाज गणिताने आधी काढता येतो, आणि मोठ्या मुलांकडून तो जरूर काढून घ्यावा. साखरेचा एक रेणू पाण्याने फुटून एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होतो. हे काम यीस्टचं इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) मुख्यतः पेशीपटलाच्या बाहेरच उरकतं. पुढे या दोन्ही साध्या शर्करांच्या प्रत्येक रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बनतात; यालाच किण्वन म्हणतात. म्हणजे साखरेच्या एका मोलमागे चार मोल वायू. साखरेचं एक मोल ३४२ ग्रॅमचं, तेव्हा ४ ग्रॅम म्हणजे ०.०११७ मोल आणि वायू ०.०४७ मोल. २५ अंशांना एक मोल वायू साधारण २४.५ लिटर जागा व्यापतो, म्हणून उत्तर सुमारे १.१ लिटर येतं. ही कमाल मर्यादा. थोडी साखर यीस्ट स्वतःच्या पोषणाला वापरतं, थोडा वायू पाण्यात राहतो, आणि पूर्ण साखर संपायला तासापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

याच गणितातून एक सक्त सूचना निघते: बाटलीला झाकण कधीही घट्ट लावू नका. १०० मिलि द्रव घातल्यावर ५०० मिलिच्या बाटलीत ४०० मिलि जागा उरते. त्यात लिटरभर वायू कोंडला तर दाब वातावरणाच्या तिपटीच्या वर जातो. साखर जास्त घातली असेल तर आणखी वर. काचेच्या बाटलीत असं करणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

आता माझ्या मते प्रयोगाचा खरा गाभा. एकटी फुगलेली बाटली फार थोडं सिद्ध करते. एखाद्या चौकस मुलाने विचारलं की गरम पाण्याने हवा प्रसरण पावून फुगा फुगला असेल, तर? शंका रास्त आहे. थंड बाटलीत ४० अंशांचं पाणी ओतून लगेच फुगा लावला तर आतली हवा तापते, तिच्यात वाफही मिसळते, आणि फक्त पाणी असलेल्या बाटलीचा फुगासुद्धा ३०-४० मिलिने उचलला जाऊ शकतो. तेव्हा किमान तीन बाटल्या सारख्याच पाण्याच्या भांड्यात शेजारी-शेजारी लावा: एकीत यीस्ट आणि साखर, दुसरीत फक्त साखर, तिसरीत फक्त यीस्ट. जमलं तर चौथीत साखर आणि मारलेलं यीस्ट. यीस्ट मारायचं तर ते उकळत्या पाण्यात घालून, भांडं मंद आचेवर ठेवून दहा मिनिटं तसंच राहू द्या, आणि ४० अंशांपर्यंत थंड झाल्यावर साखर घाला. नुसतं गरम पाणी ओतून ‘मेलं असेल’ असं गृहीत धरलं तर कधीकधी तळाच्या गुठळीतलं यीस्ट वाचतं आणि तासाभराने फुगा हळूच उभा राहून सगळ्यांची फजिती करतो.

साखरेची बाटली सुरुवातीला किंचित उचलेल आणि तिथेच थांबेल. मारलेल्या यीस्टचंही तेच. फक्त यीस्टच्या बाटलीत मात्र थोडा वायू येईल, आणि ते पाहून गोंधळू नका. कोरड्या यीस्टच्या पेशींमध्ये ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजेन यांचा साठा असतो, आणि बाहेर खायला नसलं तर यीस्ट त्या शिदोरीवर काही वेळ काम चालवतं. मुलांना ‘इथे शून्य यायला हवं’ असं आधी सांगून ठेवलं तर ती निरीक्षण सोडून उत्तर लिहायला लागतात. त्यांना नुसतं मोजू द्या.

समजावून सांगताना दोन वाक्यं सर्रास चुकीची बोलली जातात. पहिलं, ‘यीस्ट वाढतं म्हणून फुगा फुगतो.’ अनुकूल परिस्थितीतही यीस्टची संख्या दुप्पट व्हायला दीड-दोन तास लागतात. कोरडं यीस्ट आधी सावरायलाही वेळ घेतं. पहिल्या तासातला वायू जवळपास सगळा तुम्ही घातलेल्याच पेशींनी केलेला असतो. एक ग्रॅम कोरड्या यीस्टमध्ये हजार कोटींच्या वर पेशी असतात, त्यामुळे कामगारांचा तुटवडा नसतोच. दुसरं, ‘आधी बाटलीतला ऑक्सिजन संपतो, मग किण्वन सुरू होतं.’ बऱ्याच सजीवांना हे लागू पडतं. पण बेकरीचं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, समोर भरपूर साखर असेल तर ऑक्सिजन असतानाही किण्वनच करतं. शिवाय ऑक्सिजन वापरून श्वसन झालं तर जेवढा ऑक्सिजन खर्च होतो तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे आकारमानात फरकच पडणार नाही. फुगा फुगतो आहे, याचा अर्थच किण्वन चालू आहे. मोठ्या वर्गात एवढं सांगितलं तर आणखी एक धागा जोडता येतो: १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी दळून काढलेल्या रसानेही साखरेचं किण्वन होतं हे दाखवलं, म्हणजे काम पेशीतली विकरं करतात. त्यांना १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तापमानाची तुलना करायची असेल तर १०, २५, ३८ आणि ६५ अंश अशी चार भांडी घ्या. बर्फाच्या पाण्यातली आणि ६५ अंशांची अशा दोन्ही बाटल्या तासाभराने सारख्याच मलूल दिसतात. खरी मजा यानंतर आहे. या दोन्ही ३८ अंशांच्या भांड्यात हलवा. थंडीतली बाटली अर्ध्या-पाऊण तासात फुगू लागते, ६५ अंशांची हलत नाही. थंडीने यीस्ट मंदावतं आणि उष्णतेने मरतं, हा फरक फळ्यावर लिहून जितका पोचत नाही तितका इथे पोचतो. यासाठी दोन तास हाताशी ठेवा.

वायूची ओळख पटवायला चुन्याची निवळी. लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा विरी चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, घालून हलवा, बाटली भरून झाकण लावून रात्रभर ठेवा, आणि वरचं नितळ पाणी तळ न ढवळता काढून घ्या. हे द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं. डोळ्यांना चष्मा लावा आणि मुलांना ते तोंडाने नळीत ओढू देऊ नका. उघडं ठेवलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच त्यावर साय धरते, म्हणून लागेल तेवढंच ओता.

फुग्याची मान पिळून बाटलीपासून सोडवा, तिच्यात नळी बसवून हाताने घट्ट धरा, आणि नळीचं टोक अरुंद ग्लासातल्या २०-३० मिलि निवळीत बुडवून वायू हळूहळू सोडा. निवळी दुधाळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार होतात. शेजारी हातपंपाने हवा भरलेला तेवढाच फुगा दुसऱ्या ग्लासात रिकामा करा. हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या आसपास असल्याने तो ग्लास जवळपास स्वच्छ राहतो. वायू फार वेळ सोडत राहिलात तर दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो, कारण कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. दुधाळ झालं की थांबा.

इथे एक बारीक मुद्दा. फुग्यात सुरुवातीला जो वायू जातो तो मुख्यतः बाटलीतली जुनी हवा असते, यीस्टने तयार केलेला वायू तिला खालून वर ढकलतो. म्हणून फुगा नुकताच उभा राहिला असताना परीक्षा घेतली तर निवळी रेंगाळते. फुगा चांगला फुगल्यावर, आणि बाटली-फुगा एकत्र थोडे हलवून वायू मिसळल्यावर घ्या. पेटती काडी विझवून दाखवण्याची पद्धत मला फारशी पटत नाही. नायट्रोजनमध्येही काडी विझतेच. त्यातून हा वायू ज्वलनाला मदत करत नाही एवढंच कळतं.

आकडे हवे असतील तर फुगा बाजूला ठेवा. त्याचा घेर मोजून आकारमान काढता येतं, पण पहिले शंभर-दीडशे मिलि फुग्याच्या ताठरपणात हरवतात आणि दोन फुगे कधीच सारखे नसतात. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात सलाइनची नळी बसवा, जोड गरम गोंदाने बंद करा, आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या टबात उलट्या धरलेल्या, पाण्याने भरलेल्या मोजपात्रात सोडा. दर पाच मिनिटांनी वाचन घ्या. टबातल्या पाण्यातही थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्यामुळे पहिली वाचनं कमी येतात. एकच टब आणि तेच पाणी वापरत राहिलात तर पुढच्या खेपांत हा फरक कमी होतो. प्रयोग थांबवताना आधी नळी पाण्याबाहेर काढा. बाटली थंड झाली की आतला वायू आकुंचन पावतो आणि टबातलं पाणी नळीतून उलटं बाटलीत शिरतं.

वजनाने मोजायचा मोह होतो, त्यात एक सापळा आहे. फुगा लावलेली बंद बाटली संवेदनशील काट्यावर ठेवली तर फुगा लिटरभर फुगेपर्यंत वजन सुमारे १.२ ग्रॅमने कमी दिसतं, जरी आतून काहीच बाहेर गेलेलं नसलं तरी. फुगा तेवढी हवा बाजूला सारतो आणि हवेचं प्लावक बल त्याला उचलतं. चौकस मुलांसाठी हा वेगळा प्रयोगच होऊ शकतो, पण वायू मोजायला ही पद्धत वापरू नका.

एवढं करूनही वायू आला नाही तर यीस्ट तपासा. उघडं राहिलेलं किंवा मुदत उलटलेलं पाकीट दमट हवेत हळूहळू निकामी होतं. ५० मिलि कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घालून दहा-पंधरा मिनिटं थांबा, फेस धरला नाही तर पाकीट टाकून द्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला लोक उगाच दोष देतात. पिण्याच्या पाण्यातल्या मात्रेचा एवढ्या यीस्टवर फारसा परिणाम होत नाही. साखर दुप्पट-तिप्पट घालून घाई करण्यातही अर्थ नाही. १०० मिलिमध्ये २० ग्रॅमच्या पुढे गेलात की गाढ द्रावण पेशींमधलं पाणी ओढून घेतं आणि वेग उलट मंदावतो. छोटा चमचाभर मिठानेही तेच होतं, आणि ही तुलना स्वतंत्रपणे करून पाहण्यासारखी आहे. साखरेऐवजी ग्लुकोज घेतलं तर सुरुवात किंचित लवकर होते. दुधातली शर्करा, लॅक्टोज, घेतली तर साखर नसलेल्या बाटलीइतकाच वायू येतो, कारण ती फोडणारं विकर या यीस्टकडे नाही. मका-स्टार्चचंही तसंच.

फुगा रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी सुरकुतलेला दिसेल. गळती शोधत बसू नका: कार्बन डायऑक्साइड रबरात सहज विरघळून त्यातून हवेपेक्षा बराच लवकर आरपार जातो. उरलेल्या द्रवात दोन टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असू शकतं, तेव्हा कोणी चव घेऊ नये. तो झाकण लावून साठवू नका, भरपूर पाण्यासोबत मोरीत ओता. यीस्टचा थर सुकण्याआधी बाटली विसळून घ्या, नंतर तो निघता निघत नाही.